फ्लेक्सवर फोटो कुणाचा?

पत्र:

"आपा, अस्सलामु अलैकुम. मी गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातली. वय 29, बीए झालेय, लग्नाआधी दोन वर्षं बालवाडीत शिकवायचे. मिस्टर कुवेतला, मुलगी पहिलीत. आमच्याकडे यंदा सरपंचपदाला महिला आरक्षण पडलंय. मोहल्ल्यातली मोठी माणसं आणि पॅनलवाले बसले, माझं नाव ठरलं आणि निरोप आला तो दिरांकडे. फ्लेक्सचं डिझाइन पण झालंय, नाव माझं आणि फोटो दिरांचा. विचारलं तर म्हणे बाईमाणसाचा फोटो नाक्यावर बरा दिसत नाही, आणि काम तर भाईच बघणारेत. मिस्टर फोनवर म्हणतात तुला पटेल ते कर, पण भाईला दुखवू नको. त्यात एक यूट्यूब चॅनलवाला आला, मी पाण्यावर बोलायची तयारी करून बसलेले आणि त्याचा पहिला प्रश्न तलाकवर, दुसरा बुरख्यावर. मी गप्प झाले तर कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, बघा, यांना बोलायचीही भीती वाटते. कॉलेजच्या ग्रुपवर मैत्रिणी म्हणतात फोटो लावणार असशील तर स्कार्फ काढून लाव, चांगला मेसेज जाईल. सासूबाई काहीच बोलत नाहीत. त्या 1997 ला बिनविरोध मेंबर होत्या, पण पाच वर्षांत पंचायतीत एकदाही गेल्या नाहीत, सहीचं रजिस्टर घरी यायचं. उभी राहू की नको? आणि राहिले तर ऐकू कुणाचं?"

उत्तर:

वालेकुम सलाम गो. तुझं पत्र परवा रात्री वाचलं आणि झोप उडाली, कारण यातली निम्मी गोष्ट मी माझ्या घरात, माझ्या वाडीत बघितलेली आहे, फक्त तेव्हा फ्लेक्स नव्हते, भिंतीवर गेरूने नाव लिहायचे एवढाच फरक.

उभी राहा. पण फोटोचं काय ते ठरल्याशिवाय फॉर्मवर सही करू नको.

का ते सांगते. आता सरपंच थेट लोकांतून निवडून येतो, मेंबरांतून नाही. म्हणजे मोहल्ल्याची मतं धरून तुझं भागणार नाही, तुला कुणबीवाडीची, खारवीवाडीची, बौद्धवाडीची मतं लागणार आणि ती माणसं बटण दाबताना विचार करणार की ही बाई कोण, आपण हिला बघितलंय का कधी. फ्लेक्सवर तुझ्या दिरांचा फोटो बघून त्यांना काय कळणार? एवढंच की ही सीट बाईची होती पण बसणार पुरुष आहे. मग विरोधी पॅनल ज्या बाईला उभी करेल तिचा फोटो असला तर लोक म्हणतील ही निदान दिसते तरी. हे दिरांना समजावून सांग, मतांच्या हिशोबात सांगितलं की पॅनलवाल्यांना पटकन समजतं, बाईच्या हक्काबिक्काचं भाषण देत बसू नको, ते आपल्याला कळतं तेवढं पुरे.

आता "काम भाईच बघणारेत" याबद्दल. हे बोलणाऱ्याने पंचायतीचं काम आतून बघितलेलं नसतं असं नाही, उलट चांगलं बघितलेलं असतं म्हणूनच तो असं बोलतो. वित्त आयोगाचा पैसा आता ऑनलाइन जातो, त्याला सरपंचाची डिजिटल सही लागते आणि ती सही म्हणजे एक छोटा डोंगल असतो, पेनड्राईव्हसारखा. तुझ्या नावाचा तो डोंगल ज्याच्या खिशात तो खरा सरपंच. पेमेंट कुणाला गेलं, गटार खरंच बांधलं की कागदावर, हे तुला माहीत नसतानाही सही तुझीच पडलेली असते आणि उद्या चौकशी लागली, वसुली निघाली तर नोटीस तुझ्या नावाने येते, दिरांच्या नावाने नाही. दीर चांगले आहेत की वाईट हा प्रश्नच नाही इथे. चांगल्या माणसालाही दुसऱ्याच्या नावावर काम करायला देऊ नये, त्याचंही नुकसान होतं. डोंगल आणि पासवर्ड तुझ्याकडे, पेमेंटच्या दिवशी तू पंचायतीत, आणि प्रोसिडिंग बुकात ठराव लिहून झाल्यावर वाचूनच सही. लिहिलेल्या शेवटच्या ओळीखाली मोकळी जागा सोडलेली असेल तर तिथे आडवी रेघ मारायला लाव, मी बचत गटात हे शिकले, फार उपयोगी पडतं.

दिरांना कसं सांगायचं हे तू विचारलं नाहीयेस पण खरी अडचण तीच आहे ना. एकटीने सांगू नको, मिस्टरांना व्हिडिओ कॉलवर घेऊन सांग, दोघं भाऊ समोरासमोर असू देत. म्हण की भाई, तुम्ही माझ्याबरोबर वाड्यांवर फिरा, माणसं तुम्हाला ओळखतात, मला तुमची गरज आहेच, पण फोटो माझा राहील आणि खुर्चीवर मी बसेन, नाहीतर माझं नाव मागे घ्या. हे शेवटचं वाक्य अवघड आहे. पण ते बोलायची तयारी नसेल तर मग खरंच उभी राहू नको, कारण निवडून आल्यावर ते बोलणं दसपट अवघड होतं. तुमच्यातल्या भांडणात मिस्टर मधल्यामध्ये राहू बघतायत हे मला पत्रात दिसतंय, परदेशात असलेल्या माणसाला घर एकसंध राहावं असंच वाटतं, त्याला दोष देत नाही मी, पण त्यांनी एकदा भावाला स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं.

आता तो चॅनलवाला.

माझा एक अनुभव सांगते. बरीच वर्षं झाली, मे महिना, आमच्याकडे विहिरी तळाला गेलेल्या. एवढा पाऊस पडतो आपल्याकडे आणि मेमध्ये हंडाभर पाण्यासाठी घाटी उतरायची, तुला वेगळं काय सांगू. आम्ही चौदा बायका हंडे घेऊन पंचायत समितीवर गेलो, मोहल्ल्यातल्या पाच, बाकी खारवीवाडीतल्या आणि बौद्धवाडीतल्या. मी नेहमीसारखी साडीत, डोक्यावर पदर. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली आणि वर फोटो कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या काळे बुरखे घातलेल्या बायकांचा, तोही पाठमोरा, आणि हेडिंगमध्ये मुस्लिम महिला रस्त्यावर. आमच्यातल्या एकीनेही त्या दिवशी बुरखा घातला नव्हता, घातला असता तरी काही बिघडत नव्हतं म्हणा, पण पाणी कुठे गेलं? हंडे कुठे गेले? बाकीच्या नऊ जणी तर बातमीतून गायबच झाल्या. त्यांच्यातली एक मला म्हणाली, आपा आम्ही आलोच नव्हतो का गो? मला त्या दिवशी जे वाईट वाटलं ते आजही आठवतं. कुणी आपल्याला शिव्या दिल्या नव्हत्या. आपल्या हातातला हंडा काढून घेऊन तिथे दुसऱ्याच कुणाची तरी पाठ लावली होती, एवढंच.

म्हणून त्या चॅनलवाल्याचा तुला आलेला राग मला समजतो. पण गप्प बसू नको, गप्प बसलीस की तो स्वतःचं वाक्य घालतो, बघितलंस ना. आणि तलाकच्या प्रश्नापासून पळायचंही कारण नाही, तो प्रश्न आपल्या बायकांचाच आहे, चॅनलवाल्यांच्या आधीपासून. 18 एप्रिल 1966 ला सात मुस्लिम बायका मुंबईत विधान भवनावर मोर्चा घेऊन गेल्या होत्या, तोंडी तलाक बंद करा म्हणून. सातच. त्यांना घेऊन जाणारे हमीद दलवाई आपल्या चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. दलवाईंचं नाव सगळ्यांना ठाऊक, शिव्या देणाऱ्यांना पण आणि मानणाऱ्यांना पण, पण त्या सात जणींची नावं किती जण सांगू शकतील? दलवाई 1977 ला गेले, त्यानंतरही मेहरुन्निसा दलवाईंनी ते काम सोडलं नाही, आणि आपल्याकडे अजून त्यांची ओळख "दलवाईंची बायको" अशीच करून देतात.

शहाबानोचं बघ. इंदूरची म्हातारी, नवऱ्याने तलाक दिला तेव्हा 62 वर्षांची, मागत काय होती तर पोटगी. 1985 ला सुप्रीम कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि अख्ख्या देशात तिच्या नावाने मोर्चे, प्रतिमोर्चे, भाषणं. शेवटी एवढं प्रेशर आलं की तिने स्वतःच जाहीर केलं की मला हा निकाल नको. पुढच्याच वर्षी नवा कायदा आला. सगळे तिच्या नावाने बोलत होते, तिला विचारायला कुणाला वेळ नव्हता. शायराबानोच्या केसमध्ये 22 ऑगस्ट 2017 ला एका दमातला तिहेरी तलाक रद्द झाला, फार मोठी गोष्ट झाली, माझ्या बहिणीच्या नणंदेला तसाच तलाक मिळालेला म्हणून मी त्या दिवशी रडले होते. पण निकाल देणाऱ्या पाच न्यायाधीशांत बाई एकही नव्हती हेही खरं. मी हे कुणाला कमी दाखवायला सांगत नाहीये. मोठ्या माणसांनी तुझं नाव ठरवलं आणि निरोप दिरांकडे आला, ते काही तुझ्या एकटीच्या घरात घडलेलं नाही हे तुला कळावं म्हणून सांगतेय.

तर परत कॅमेरा आला तर तलाकच्या प्रश्नाला तीस सेकंदात सरळ उत्तर दे. मी तुझ्या जागी असते तर म्हणाले असते: तोंडी तिहेरी तलाक चुकीचा आहे, कोर्टाने तो रद्द केला, 2019 पासून तो गुन्हा आहे, आणि घटस्फोटित मुस्लिम बाईला पोटगी मागता येते हे सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट सांगितलंय. मी सरपंच झाले तर गावातला प्रत्येक निकाह पंचायतीत नोंदवायला लावेन. आता पाण्याचं विचारा.

हे निकाह नोंदणीचं मी उगाच नाही घातलं. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी होते, ग्रामसेवकाकडे (आता पदाचं नाव बदललंय, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात), काझींचा निकाहनामा जोडून आपलीही होते, पण मोहल्ल्यातली किती लोकं करतात? गल्फचा फॅमिली व्हिसा करायची वेळ आली की धावपळ करतात, नाहीतर नाही. आणि मग नवरा तिकडे दुसरं लग्न करून बसला किंवा पैसे पाठवायचा बंद झाला की या मुलीकडे दाखवायला एक धड कागद नसतो. हे काम तू करू शकतेस, त्यासाठी कुणाशी भांडावंही लागणार नाही आणि चॅनलवर दहा मिनिटं तलाकवर बोलण्यापेक्षा याचा फायदा जास्त बायकांना होईल. पाण्याचंही असंच नेमकं बोल. नळाचा पाइप टाकून किती महिने झाले, टाकीत पाणी चढतं का, टँकर कुठल्या वाडीत येतो आणि कुठल्या वाडीत येत नाही, तारखेसकट. नेमकं बोललीस की कापणं त्यालाही कठीण जातं. आणि मुलाखत तो घेईल तेव्हा पुतण्याला सांगून आपल्याही मोबाइलवर पूर्ण रेकॉर्ड करून ठेव.

स्कार्फचं. मैत्रिणी वाईट हेतूने सांगत नाहीयेत, पण त्यांना हे कळत नाहीये की डोकं झाक म्हणणारा आणि उघडं टाक म्हणणारी दोघंही तुझ्याआधी तुझ्या डोक्यावरचं ठरवतायत. माझी आजी आयुष्यभर साडीत वावरली, कालवं काढायला खाडीत जायची तेव्हा पदर कमरेला खोचलेला असायचा, माझ्या भाचीने अबाया घ्यायला सुरुवात केली ती मुंबईला हॉस्टेलवर गेल्यावर, स्वतःच्या मर्जीने, आणि ती आज फिजिओथेरपिस्ट आहे. एका घरात तीन पिढ्यांचं हे असं. तू रोज जशी दुकानात जातेस, मुलीला शाळेत सोडतेस तसा फोटो लाव. कुणबीवाडीतल्या बाईने फ्लेक्सवर बघितलेली बाई दारात आल्यावर ओळखता आली पाहिजे, मला तरी बाकी काही महत्त्वाचं वाटत नाही.

फोटोची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. दिरांच्या बोलण्यात त्याचाही थोडा भाग असेल. 2021 च्या जुलैत आणि मग 1 जानेवारी 2022 ला, म्हणजे नवीन वर्षाच्या पहिल्या सकाळी, इंटरनेटवर मुस्लिम बायकांचे फोटो लावून लिलावाचं नाटक मांडलं होतं, दुसऱ्या वेळी तर शंभराहून जास्त जणींचे, त्यात पत्रकार होत्या, वकील होत्या, बोलणाऱ्या बायका निवडून निवडून घेतल्या होत्या. ज्यांनी केलं ती बहुतेक कॉलेजच्या वयाची पोरं निघाली. फोटो लावलेल्यांपैकी काही जणी पोलिसात गेल्या, तक्रारी केल्या, त्या पोरांना अटक झाली, आणि त्या बायका आजही लिहितायत. तू काय करायचंस तर इन्स्टा, फेसबुकवरचे मुलीचे सगळे फोटो आत्ताच काढून टाक, प्रोफाइल लॉक कर, प्रचारासाठी वेगळा नंबर घे. कुणी घाणेरडं काही टाकलं तर आधी स्क्रीनशॉट आणि लिंक सेव्ह कर, मग सायबर पोलिसात तक्रार, डिलीट करायची घाई करू नको आणि घरात लपवू तर अजिबात नको. असं काही झालं तर पहिलं बोलणं तुलाच बसेल, तेव्हा मिस्टरांना आधीच सांगून ठेव की असं होऊ शकतं.

तुला वाटत असेल, की मी काही मोठी नेता वगैरे नाही. मग मोठ्यांचंही ऐक. संविधान सभेत मुस्लिम बाई एकच होती, बेगम ऐजाज रसूल, आणि तिने धर्माच्या नावाने वेगळे मतदारसंघ नकोत अशी भूमिका घेतली, आपल्याच लोकांचा राग ओढवून. 1952 पासून आजपर्यंत लोकसभेत पोचलेल्या मुस्लिम बायका जेमतेम 18. आत्ताच्या 543 खासदारांत दोन, कैरानाच्या इक्रा हसन आणि उलुबेरियाच्या सजदा अहमद. म्हणजे वर जागा नाहीतच जवळजवळ. आहेत त्या खाली, पंचायतीत, जिथे आपल्या राज्यात निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि तिथे पण आपण रजिस्टर घरी मागवणार असू तर वर कुणी कुठून जाणार?

काही व्यवहाराचं. मतदार यादीत, आधारवर आणि बीएच्या सर्टिफिकेटवर तुझं नाव एकसारखं आहे का आजच बघ. आपल्या नावांचं मराठीत लिहिताना काय होतं माहितीये ना, एकीकडे झ, एकीकडे ज, कुठे माहेरचं आडनाव, कुठे सासरचं. छाननीत यावरून वाद घालणारे असतात. फॉर्म ऑनलाइन भरून प्रिंट काढायची असते तेव्हा सेंटरवर स्वतः बस, ऑपरेटरच्या भरवशावर नावाचं स्पेलिंग सोडू नको, कारण तेच नाव मशीनवर येणार. निवडून आलीस तर ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, कायद्यातच आहे, बहुतेक गावांत ती कागदावरच उरकतात. तू ती खरी घे, आणि मोहल्ल्यात नको घेऊ पहिली, बौद्धवाडीच्या समाजमंदिरात घे. दुपारी तीनची वेळ ठेव, मासळीवाल्या तोवर परत आलेल्या असतात.

आणि आता सासूबाई. तू लिहिलंस त्या काहीच बोलत नाहीत. मला वाटतं तुझ्या घरात या विषयातलं सगळ्यात जास्त माहीत असलेलं माणूस त्याच आहेत. पाच वर्षं दर महिन्याला एक रजिस्टर दारात आलं, त्यांनी चुलीवरचा हात पुसून सही केली आणि ते परत गेलं. त्यांना कधी वाचावंसं वाटलं असेल का? कुणी वाचू दिलं असतं का? एकदा दुपारी त्या निवांत असतील तेव्हा जवळ बस आणि विचार, अम्मी, त्या रजिस्टरात काय असायचं. सल्ला मागू नको, फक्त विचार आणि ऐक. कदाचित त्या म्हणतील मला काय माहीत. कदाचित अजून काही म्हणतील. दिरांशी बोलायच्या आधी हे कर, कारण त्या घरात दिरांना गप्प करू शकेल असं एकच माणूस आहे आणि ते इतकी वर्षं स्वतः गप्प आहे.

फॉर्म भरायला तहसीलला जाशील तेव्हा त्यांना सोबत घेऊन जा, रिक्षाने नको, एसटीने जा, वाटेत सगळ्या वाड्यांची माणसं भेटतील. येताना पंचायतीपाशी उतरा. ऑफिस उघडं असेल तर आत जाऊन त्यांना ती खुर्ची आणि ते कपाट दाखव, ज्यात त्यांच्या सह्यांची रजिस्टरं अजून असतील. छाननी पार पडली की मला दोन ओळी लिही, आणि फ्लेक्स लागला की त्याचा फोटो पाठव.

तुझी आपा